मॉर्फिनची गोळी आणि शेवटची घटका

कर्करोगाच्या रोग्यास डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले, की घरातील मंडळींचा धीर सुटतो, गावाकडच्या नातलगांस निरोप जातात, आणि कित्येकदा ती गोळी तशीच डबीत राहून रोगी रात्रभर कण्हत पडतो. कारण हे औषध म्हणजे मरणाची वर्दी, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत आहे. ती निराधार आहे. मॉर्फिन दिले जाते ते वेदनेच्या तीव्रतेकडे पाहून, आयुष्य किती उरले याचा हिशेब मांडून नव्हे. किरणोपचारांनी दुखणे शमले, तर त्याची मात्रा उतरवता येते आणि प्रसंगी ते बंदही करता येते.

दुसरी भीती व्यसनाची. शरीरास औषधाची सवय होणे, आणि म्हणून ते एकाएकी न तोडता पायरीपायरीने कमी करावे लागणे, ही एक गोष्ट. नशेसाठी मन तळमळणे ही सर्वस्वी निराळी, आणि जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन घेणाऱ्यांत ती क्वचितच आढळते. साध्या गोळीचा अंमल सुमारे ४ तास टिकतो, म्हणून ती घड्याळाच्या ठोक्याने द्यावी. दुखणे असह्य होईतो थांबू नये. आरंभीची गुंगी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. त्याच चिठ्ठीवर सारक औषध नसेल, तर ते निःसंकोच मागून घ्यावे.

या भीतीस कायद्यानेही हातभार लावला, हे खेदाने नमूद करावे लागते. ज्या देशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने मॉर्फिनचा उगम असलेली अफू पिकते, त्याच देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळ सुकर केली. तरीही लहान गावातील औषधाच्या दुकानात ते मिळेलच असे नाही.

आणि परिहारसेवा (पॅलिएटिव्ह केअर), म्हणजे वेदना व त्रास शमवण्याची सेवा, घेणे म्हणजे उपचार थांबवणे, हा समज तर सर्वांत घातक. अमेरिकेत बोस्टन येथे शरीरात पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासूनच ही सेवा दिली गेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची उमेद अधिक टिकली, आणि जगण्याच्या काळाचा मध्यक ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने भरला. म्हणून मॉर्फिन ठेवण्यास मान्यता असलेले नजीकचे केंद्र कोणते, हे निदान होताच विचारून ठेवावे. मध्यरात्री कळ उठल्यावर ते शोधीत फिरण्याची पाळी कोणावरही येऊ नये.