आंबट वास आला, तर सावध व्हा

७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेली बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकर यांनी स्वखर्चाने चित्रित केली. ती दृश्ये आज आपण पाहू शकतो, कारण फिल्म टिकली. आपल्या घरांतही जयंतीची मिरवणूक, लग्न, विहारातले कार्यक्रम यांची जुनी ८ एमएम रिळे असू शकतात. पनवेलच्या दमट हवेत ती टिकवायची कशी?

डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला, तर अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली असे समजा. उष्णता आणि ओल यामुळे तिच्यातून आम्ल सुटते आणि तेच आम्ल झीज आणखी वाढवते. असे रीळ इतरांपासून वेगळे ठेवा. प्रोजेक्टरवर चालवू नका.

रिळे पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा ओल धरलेल्या भिंतीजवळ ठेवू नका. घरातल्या थंड, कोरड्या जागी आडवी ठेवा. गंजलेला डबा बदला. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आम्ल आतच कोंडते.

एवढे करूनही झीज फक्त लांबते, थांबत नाही. म्हणून वेळीच डिजिटल प्रत करून घ्या, मूळ रीळही जपा. ती प्रत आजी-आजोबांना दाखवा आणि त्यातल्या माणसांची नावे, गाव, वर्ष लिहून घ्या. हे काम पुढच्या जयंतीपर्यंत लांबवू नका.