जबड्याचा सांधा व त्याची निगा

दोन्ही हातांच्या तर्जनी कानांच्या अगदीं पुढें ठेवाव्या आणि तोंड सावकाश उघडून मिटावें. बोटांखालीं कांहींतरी सरकत असल्याचें कळून येईल. हाच जबड्याचा सांधा. बोलतांना, जेवतांना, गिळतांना, जांभई देतांना तो सारखा राबत असतो. परंतु गुडघा दुखूं लागला म्हणजे गुडघ्याची जशी आठवण होते, तशी ह्या सांध्याची होत नाहीं. कान ठणकतो म्हणून कोणी कानांत तेल घालतो, दाढ दुखते म्हणून कोणी निरोगी दाढ उपटून घेतो, आणि मूळ दुखणें मात्र जागच्या जागीं राहतें.

ह्या सांध्याची रचना मोठी चमत्कारिक आहे. दाराची बिजागरी नुसती फिरते. हा सांधा आधीं तिच्याप्रमाणें फिरतो व तोंड अधिक उघडलें म्हणजे खालच्या जबड्याचें गोल टोंक पुढें घसरतें. तें टोंक व कवटीचें हाड ह्यांच्यामध्यें एक पातळ, चिवट चकती असते. ही चकती जागेवरून थोडी पुढें सरली, तर तोंड उघडतांना टोंक पुन्हा तिच्याखालीं शिरतें आणि ‘कट्’ असा आवाज होतो. हा आवाज ऐकून कित्येक आईबाप घाबरतात. वस्तुतः दुखत नसेल व तोंड पुरतें उघडत असेल, तर नुसत्या आवाजास औषधाची गरज नाहीं. पुष्कळ धडधाकट माणसांच्या जबड्यांत तो आयुष्यभर होत असतो.

दुखणें उत्पन्न होतें तें बहुधा सांध्यापेक्षां त्यास हालविणाऱ्या स्नायूंत. वीस ते चाळीस वर्षांच्या वयांत, व पुरुषांपेक्षां स्त्रियांत, तें अधिक आढळतें. १९३४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील कर्णवैद्य जेम्स कॉस्टेन ह्यांनीं कानदुखी, कानांतील गुणगुण व डोकेदुखी ह्यांचा संबंध ह्या सांध्याशीं जोडला. दाढा पडल्यामुळें जबडा प्रमाणाबाहेर मिटतो व त्यामुळें हा विकार होतो, असें त्यांचें मत होतें. लक्षणांकडे त्यांनीं जगाचें लक्ष वेधलें हें खरें. पण त्यांची कारणमीमांसा पुढें शरीररचनाशास्त्रज्ञांस पटली नाहीं. तरीहि दांतांची ठेवण बिघडली म्हणूनच सांधा दुखतो, ही समजूत बरींच वर्षें टिकली व तिच्यापायीं अनेकांचे चांगले दांत घासले गेले. १९८० नंतरच्या दशकांत तर टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकत्या बसविण्यांत आल्या. त्यांचे बारीक तुकडे पडून आसपासचें हाड झिजूं लागलें, आणि १९९०-९१ च्या सुमारास त्या परत मागवाव्या लागल्या. ज्यांचे हाल झाले ते झालेच. आतां जाणते वैद्य प्रथम असाच उपाय सांगतात कीं, जो नको झाल्यास सोडून देतां येईल. आणि बहुतेक रोग्यांस तेवढ्यानेंच उतार पडतो.

हा उपाय म्हणजे सांध्यास विसांवा देणें. विद्यार्थ्यांनीं परीक्षेच्या दिवसांत एक प्रयोग करून पाहावा. अवघड उदाहरण सोडवीत असतां मध्येंच थांबून आपले दांत कसे आहेत तें पाहावें. पुष्कळांचे दांत गच्च आवळलेले आढळतील! रागावलेला मनुष्य दांतओठ खातो असें आपण म्हणतों. पण अभ्यास करणारा मुलगाहि न रागावतां तेंच करीत असतो. खरें पाहतां दांतांवर दांत टेकावयाचे ते घास चावतांना व गिळतांना क्षणभर. एरवीं ओठ मिटलेले, दांत विलग व जीभ सैल असावी. वहीच्या कोपऱ्यावर एखादी खूण करून ठेवावी व ती दिसली कीं जबडा सैल सोडावा. पेन्सिल चावणें, नखें कुरतडणें, हनुवटी तळहातावर टेकून तासन्‌तास वाचीत बसणें, ह्या संवयीहि सोडाव्या.

दुखत असेल तोंवर ऊंस, चिक्की, भाजलेले चणे व कडक भाकरीचे पापुद्रे वर्ज्य करावे. मऊ वरणभात, खिचडी, आंबोळी असें खावें. घास लहान घ्यावा व दोन्ही बाजूंनीं चावावा. कढत पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें दहापंधरा मिनिटें शेकावें. मात्र चटका बसूं देऊं नये. जिभेचें टोंक वरच्या दांतांमागें टाळूला लावून, तें न सोडतां तोंड हळूहळू उघडावें व मिटावें, असें दिवसांतून पांचसहा वेळां करावें. झोंपेंत दांत खाण्याची खोड असल्यास दंतवैद्य रात्रीं घालावयास दांतांवरचें आवरण करून देतो.

तथापि सर्वच गोष्टी घरीं भागत नाहींत. आपलीं तीन बोटें उभीं धरून तोंडांत जात नसतील, सूज किंवा ताप असेल, अथवा मार लागला असेल, तर डॉक्टराकडे जावें. जखमेनंतर दांतखीळ बसूं लागली तर ती धनुर्वाताची खूण असूं शकते. तेथें तासभरहि दवडूं नये. श्रम करतांना वडील माणसांचा जबडा छातीसह दुखूं लागला, तर दोष हृदयाचा असण्याचा संभव असतो. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांचें तोंड उघडेनासें होतें तें सांध्यामुळें नव्हे. गालांचें आंतील अस्तरच ताठर बनतें, तें पूर्ववत् होत नाहीं व पुढें त्यांत कर्करोगहि उद्भवूं शकतो. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यास बंदी झाली, पण सुगंधी सुपारीची पुडी मुलांच्या खिशांत अजून सांपडते. पालकांनीं ती शोधावी.

क्वचित् मोठी जांभई देतांना जबडा निखळतो व तोंड आ वासलेलेंच राहतें. सुश्रुतानें अशा वेळीं हनुसंधि शेकून, जागीं बसवून ‘पंचांगी’ नांवाची पट्टी बांधावयास सांगितलें आहे. हें काम जाणत्या हातांचें आहे. घरच्यांनीं ओढाताण न करतां रोग्यास इस्पितळांत न्यावें. जबडा बसविल्यावर कांहीं आठवडे जांभई आली कीं हनुवटीखालीं मूठ धरावी, म्हणजे तोंड फार उघडत नाहीं.