घडवलेली तोफ

धातूला आकार देण्याच्या दोन जुन्या रीती: ओतायचा किंवा घडवायचा. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख-मैदान तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली होती. पुण्यातल्या मुंढव्याचा भारत फोर्ज हा घडवणाऱ्यांचा कारखाना. भट्टीतून बाराशे अंशांच्या आसपास तापलेला पोलादाचा ठोकळा बाहेर पडतो तेव्हा तो लालही नसतो, पिवळसर पांढरा दिसतो. अंगावरचे काळे पापुद्रे झडत असतात. हॅमर दणका देतो. प्रेसचं तसं नाही, ती दाबते. १६,००० टनांची प्रेस डायवर उतरली की पोलाद कणकेसारखं सगळीकडे सरकतं. कडेने बाहेर आलेली जादा चकती, म्हणजे फ्लॅश, कापून काढली की हाती उरतो ट्रकचा क्रँकशाफ्ट. या कंपनीची खरी ओळख हीच. तोफा फार नंतर आल्या.

सातारा जिल्ह्यातल्या व्यापारी घराण्यातले नीळकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये कंपनी काढली. मुलगा बाबा कल्याणी बेळगावच्या लष्करी शाळेत शिकला, पुढे पिलानी आणि अमेरिकेतली एमआयटी करून १९७२ मध्ये कारखान्यात आला. मोठी जर्मन प्रेस बाबा कल्याणींनीच आणवली आणि तिच्यासोबत कामाची रीतही बदलली. हॅमरवर घाम गाळणाऱ्या कामगारांच्या जागी हळूहळू इंजिनिअर मुलं आली. या बदलाचं कौतुक पुष्कळ झालं. ज्यांच्या जागा गेल्या, त्यांच्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

क्रँकशाफ्टवाल्यांनी तोफेच्या वाटेला का जावं? कारण तोफेचा जीव नळीत असतो आणि आजची नळी ओतीव नसते, घडीव असते. १५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबर असं म्हणतात तेव्हा नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या ५२ पट असते, म्हणजे आठ मीटरहून थोडी जास्त. शुद्ध पोलादाचा लांब दांडा घडवायचा, आतून पोखरायचा आणि मग एक विलक्षण गोष्ट करायची: आतून इतका दाब द्यायचा की आतला थर कायमचा ताणला जावा. दाब सोडल्यावर बाहेरचा थर मूळ जागी परतू पाहतो आणि आतल्याला आवळून धरतो. बैलगाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवतात आणि ती थंड होताना लाकडाला करकचून धरते, तशातलाच प्रकार. फक्त इथे धाव आणि चाक एकाच नळीत. बार उडताना आतला वायू बाहेर रेटतो, तेव्हा त्याला आधी ही आवळण मोडावी लागते. त्यानंतर आत गोळ्याला फिरकी देणारे आटे पाडायचे. कल्याणी समूहाचा खास पोलादाचा कारखाना मुंढव्यातच आहे, त्यामुळे धातूसाठी लांब जावं लागलं नाही. तोफ बनवण्याची विद्या मात्र विकत आणली. स्वित्झर्लंडच्या रुआग कंपनीची तोफांची यंत्रं सुटी करून पुण्यात आणली आणि पुन्हा जोडली.

एवढं करूनही गिऱ्हाईक नव्हतं. १९८६ मध्ये बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार झाला आणि मग लाचेच्या आरोपांचं जे वादळ उठलं, त्यानंतर २०१६ मध्ये अमेरिकी हलक्या तोफांचा करार होईपर्यंत विदेशी हॉवित्झरच्या कराराला सरकारने हात लावला नाही. तोफ विकणारा दलालच, हा संशय हवेतच होता. कंपनीने स्वतःच्या पैशाने तोफ उभी केली, प्रदर्शनात मांडली. लोक येऊन फोटो काढून गेले.

वाट निघाली पाषाणहून. डीआरडीओची तोफा आणि दारूगोळ्यावर काम करणारी प्रयोगशाळा, एआरडीई, तिथे आहे. म्हणजे पुण्याच्या एका टोकाला आराखडा आणि दुसऱ्या टोकाला कारखाना. २०१३ मध्ये सुरू झालेल्या अटॅग्ज या तोफेच्या प्रकल्पात भारत फोर्ज आणि टाटा हे दोघे भागीदार. साधारण १८ टनांची ही तोफ रोख धरण्यापासून गोळा भरण्यापर्यंतची कामं विजेवर करते, तेलाच्या दाबावर नाही. बार भरायची कोठी २५ लिटरची, नेहमीच्या तोफांच्या २३ लिटरपेक्षा मोठी. २०१७ मध्ये पोखरणला गोळा ४८ किलोमीटर गेला. पुण्याहून जेजुरी रस्त्याने साधारण एवढीच लांब. २०२० मध्ये चाचणीत एका तोफेची नळी फुटली, काही जण जखमी झाले आणि पुढचं काम लांबलं. २०२२ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरच्या सलामीत मात्र ही तोफ पहिल्यांदा गरजली.

मधल्या काळात समूहाने सैनिकांना वाचवणारं यंत्रही विकलं. कल्याणी एम४ हे चिलखती वाहन, बाजूने ५० किलोपर्यंतच्या स्फोटात माणसं सुरक्षित ठेवतं असा कंपनीचा दावा. २०२१ मध्ये लष्कराने तातडीची खरेदी म्हणून त्याची सुमारे १७८ कोटींची मागणी नोंदवली. घरातून तोफेसाठी मोठी मागणी येण्याआधी बाहेरून आली: नोव्हेंबर २०२२ मध्ये १५.५५ कोटी डॉलरची. देशाचं नाव कंपनीने सांगितलं नाही, युद्धक्षेत्र नाही एवढंच म्हटलं. तोफ विकत घेणाऱ्याबद्दलची ती हमी किती टिकते, हा प्रश्न मला पडला.

मार्च २०२५ मध्ये करार झाला. लष्कराला ३०७ अटॅग्ज हव्या आहेत, तोफा आणि त्या ओढणाऱ्या गाड्या मिळून सुमारे ६,९०० कोटींच्या. साठ टक्के तोफा मुंढव्याच्या वाट्याला. एवढी वर्षं ही हौस पोसली ती ट्रकच्या क्रँकशाफ्टनी.