शिवणाचा कोपरा, आपल्या सवयीचा

आज आपण शिवणाच्या कोपऱ्याविषयी बोलू या. आमच्या गटात आम्ही गोधड्या शिवतो, ब्लाउज-परकरही शिवतो. शिवणासाठी वेगळी खोली आमच्यापैकी एकीकडेही नाही. मागच्या दिवाळीआधी ठरलेल्या दिवशी आम्हाला चार गोधड्या देता आल्या नाहीत. हात काही हळू चालत नव्हते. पण रोज जेवणाच्या वेळी पसारा गुंडाळायचा, सकाळी पुन्हा मांडायचा आणि कातर कुठे, दोरा कुठे म्हणून शोधत बसायचं. पैसे टाक्यांचे मिळतात, शोधण्याचे नाहीत.

तेव्हा आम्ही लगेच आवरायला घेतलं नाही. आधी चार दिवस नुसतं पाहिलं. काम करताना किती वेळा उठलो आणि कशासाठी, ते प्रत्येकीने वहीत लिहिलं. त्यातून कळलं की सगळ्यांची रीत एक नाही. काहीजणींना वस्तू डोळ्यांसमोर नसली तर तिची आठवणच होत नाही. ट्रंकेत रीळ असताना त्या नवं रीळ आणतात. काहीजणींना मात्र समोर पसारा दिसला की काही सुचत नाही.

पहिल्या तऱ्हेच्या बायकांनी बटणं, हूक, रिळं आरपार दिसणाऱ्या बरण्यांत ठेवावीत. ठिगळं रंगवार लावून भिंतीवरच्या दोरीला चिमट्यांनी अडकवावीत. दुसऱ्या तऱ्हेच्या बायकांनी एका कामाचं एक गाठोडं बांधावं. त्यात बेतलेलं कापड, त्याच रंगाचा दोरा आणि मापाची चिठ्ठी ठेवावी. एक गाठोडं संपलं की मगच दुसरं सोडायचं.

सामानाचे तीन भाग करा. सुई, दोरा, कातर, टेप बसल्या जागी हाताला लागलं पाहिजे. आठवड्यातून एकदोनदा लागणारं कपाटात. जुनी लुगडी, साड्या माळ्यावर. पण धुऊन, पूर्ण वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून.

अर्धवट गोधडीची घडी घालू नका. आधी सगळ्या थरांना कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकणार नाहीत. मग काम थांबवताना ती वळकटीसारखी गुंडाळा. सकाळी उलगडली की जिथे धावदोरा थांबला तिथूनच सुरुवात.

उजेडाचंही बघा. उजव्या हाताने शिवत असाल तर खिडकी डावीकडे हवी, नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते. डावरीने उलट बसावं.

आणि सुया मोजा. सकाळी किती काढल्या, रात्री किती परत आल्या. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत अंथरूण घालायचं नाही. आमच्यापैकी एकीच्या रांगत्या नातवाच्या गुडघ्यात सुई गेली, तेव्हापासून हा नियम आहे. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक मशीनजवळ ठेवलं तर सांडलेल्या सुया-टाचण्या पटकन गोळा होतात.

शेवटची गोष्ट घरच्यांशी बोलण्याची आहे. देवाला देव्हारा असतो, धान्याला कोठी असते. मग घरात चार पैसे आणणाऱ्या कामालाही चटईएवढी जागा हवी, जी पाहुणे आले तरी हलवायची नाही. आम्ही ती मागितली. कुणाला लगेच मिळाली, कुणाला भांडून. तुम्हीही मागून बघा.