नार्निया : कपाटातून पडद्यावर

लहानपणी जीव लावलेल्या पुस्तकावर सिनेमा येतो आहे असे कळले, की आनंद होण्याआधी पोटात गोळा येतो. त्यातल्या माणसांचे चेहरे आपण मनात केव्हाच ठरवून टाकलेले असतात. आता कोणीतरी ते परस्पर बदलणार, ही धास्ती असते. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या सात पुस्तकांवर पोसलेल्या आम्हा वाचकांनी ही धास्ती तीनदा अनुभवली : २००५, २००८ आणि २०१० साली. मध्यंतरी हे तिन्ही चित्रपट नऊ वर्षांच्या मुलीबरोबर पुन्हा पाहिले आणि मनातल्या मनात जमाखर्च मांडून बसले.

ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात पीटर, सुझन, एडमंड आणि ल्यूसी ही चार भावंडे लंडनहून एका वृद्ध प्राध्यापकांच्या खेड्यातल्या घरी येतात. धाकटी ल्यूसी कपड्यांच्या एका कपाटात शिरते. लोकरी कोट बाजूला सारता सारता पायाखाली बर्फ लागते आणि ती नार्नियात पोचते. तिथे एका चेटकिणीच्या सत्तेमुळे कायमचा हिवाळा आहे, पण नाताळ मात्र कधीच येत नाही. एडमंड तिच्या मिठाईला भुलून भावंडांशी दगा करतो, आणि त्याच्यासाठी अस्लान नावाचा सिंह स्वतःचा प्राण देऊन पुन्हा उठतो. यामागची ख्रिस्ताची कथा मला मोठेपणी कळली. लहानपणी सिंह पुरेसा होता.

मिठाईचे नाव टर्किश डिलाइट. आमच्याकडे ती कोणी पाहिलेली नव्हती. मांडीवर शब्दकोश घेऊन ते इंग्रजी पुस्तक वाचताना मी ती आपली माहीमच्या हलव्यासारखी कल्पिली, आणि एडमंडचा मोह मला पूर्ण पटला. माझ्या मुलीला मात्र तो पटेना. "एवढ्याशा मिठाईसाठी कोणी बहिणीला फसवतं का?" तिचा सवाल रास्त होता. तिच्या पिढीला चॉकलेट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

याचे उत्तर तारखांत आहे. हे पुस्तक १९५० सालचे. ब्रिटनमध्ये युद्धकाळात गोड खाऊवर आलेले रेशन कायमचे उठले ते १९५३च्या फेब्रुवारीत. म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या वाचकांना पोटभर मिठाई हेच एक स्वप्न होते. एडमंड असे का वागला, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. आमच्या आईलाही लागले नाही. दिवाळीला रेशनवर जादा साखर मिळायची, तिचे अप्रूप तिला आजही आठवते.

युद्धाचेही तेच. हवाई हल्ल्यांमुळे मुलांना लंडनबाहेर पाठवले, एवढे लुईस एका वाक्यात सांगतात आणि पुढे जातात. १९३९च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या काही दिवसांतच सुमारे पंधरा लाख लोकांना, त्यात बहुतांश मुलांना, ब्रिटनच्या शहरांतून बाहेर हलवले होते. ऑक्सफर्डजवळच्या लुईस यांच्या स्वतःच्या घरीही अशा मुली राहायला आल्या होत्या. ज्यांच्या घरात हे घडून गेले त्यांना एक वाक्य पुरे होते.

दिग्दर्शक अँड्र्यू अ‍ॅडमसन यांनी २००५च्या पहिल्या चित्रपटात नेमकी ही जागा भरून काढली. सुरुवातच बॉम्बवर्षावाने होते. युद्धावर गेलेल्या वडिलांची तसबीर आणायला एडमंड घरात परत धावतो आणि त्यावरून पीटरची बोलणी खातो. मग स्टेशन, गाडी, निरोप देणारी आई. पुस्तकात यातले काही नाही. पण मिठाईच्या जोडीला वडिलांविना राहिलेल्या पोराचा राग आला, आणि माझ्या मुलीला एडमंड कळला. मला या वेळी त्या आईचा चेहरा सोसवेना. दहाव्या वर्षी पुस्तक वाचताना मी तिचा विचारही केला नव्हता.

पुढच्या दोन चित्रपटांतही भर आहे, पण तिची जात निराळी. 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये राजवाड्यावर रात्रीचा हल्ला घातला आहे; पुस्तकात तो नाही. शेवटी सुझन कॅस्पियनचे चुंबन घेते. तेही पुस्तकात नाही. 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर' ही तर बेटाबेटाने रमतगमत जाणारी सागरसफर. तिच्यात हिरवे धुके आणि सात तलवारींचा शोध घुसडला. ही भर वाचकाच्या गरजेपोटी आलेली नाही. तेव्हा चालणाऱ्या इतर चित्रपटांत असे असते, म्हणून ती आली असावी, असे मला वाटते. प्रेक्षकांनीही तिला फार दाद दिली नाही. पहिल्या चित्रपटाने जगभरात ७४ कोटी डॉलरहून अधिक कमावले. पुढचे दोन्ही प्रत्येकी ४२ कोटींच्या आसपास थांबले. दुसऱ्यानंतर डिस्ने कंपनी बाजूला झाली आणि तिसऱ्यानंतर मालिकाच खुंटली.

लुईस १९६३ साली वारले. अस्लानचे सोंग घेतलेला माणूस पडद्यावर दाखवणे त्यांना अधर्मासारखे वाटे, आणि १९५९च्या एका पत्रात त्यांनी तसे बीबीसीच्या निर्मात्याला कळवले होते. चित्रातला सिंह निराळा, असेही त्यात होते. संगणकावर घडवलेला आणि लियम नीसन यांच्या आवाजात बोलणारा अस्लान त्यांना चालला असता का, यावर आम्ही चाहते अजून वाद घालतो. मला तो आवडतो.

तिन्ही चित्रपटांत मला चुकचुकल्यासारखे वाटते ते गोष्ट सांगणाऱ्या माणसामुळे. पुस्तकात तो सारखा मध्ये येतो. कपाटात शिरून दार लावून घेणे हा शुद्ध वेडेपणा, हे तो पुन्हा पुन्हा बजावतो. आजी गोष्ट थांबवून "तू नाही हो असं करायचं" म्हणते ना, तसे. अस्लानच्या वधाच्या रात्री जमलेल्या काही भयंकर प्राण्यांचे वर्णन तो मुद्दाम टाळतो. कारण काय, तर मोठी माणसे तुम्हाला पुस्तक वाचू देणार नाहीत. एवढे ऐकल्यावर मुलाच्या डोळ्यांपुढे काय काय उभे राहते! कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याला दाखवावेच लागते, आणि दाखवले की भीती तेवढीच उरते.

नेटफ्लिक्सने २०१८ साली सातही पुस्तकांचे हक्क घेतले आणि पुढे दिग्दर्शनाचे काम ग्रेटा गर्विग यांच्याकडे सोपवले. म्हणजे घरोघरी पुन्हा प्रश्न येणार : आधी पुस्तक की आधी सिनेमा? मी मुलीला पहिल्या पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणे मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली, मग पहिला चित्रपट दाखवला, आणि उरलेले पुस्तक तिच्या हाती दिले. रोज झोपताना एक प्रकरण, एवढाच वेळ लागतो. सगळी नार्निया तिला आवडेल असे नाही. पण टर्किश डिलाइट कसे लागत असेल, हे तिने पडद्यावर पाहण्याआधीच ठरवून टाकले आहे. तिच्या मते ते आंबावडीसारखे लागते.