सर्पदंशाची कुपी आणि एका उद्योगाची जडणघडण

औषधनिर्मिती हा विषय विज्ञान शाखेचा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात कशाला पडावे, असा प्रश्न वार्षिकांकासाठी हा विषय निवडताच एका मित्राने मला केला. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. औषधांचे रसायन मला कळत नाही. परंतु ज्या देशापाशी भांडवल बेताचे, यंत्रे परक्यांची आणि शास्त्रज्ञ मोजके, तो देश आपल्या लसी व आपली औषधे स्वतः कशी करू लागतो, हा प्रश्न इतिहासाचा व अर्थशास्त्राचाही आहे, आणि ते तर आपले अभ्यासाचेच विषय. शिवाय रोहण्यासारख्या गावात राहणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर कधी कधी फार निकडीने हवे असते. ते कसे, हे पुढे येईलच.

प्रथम एका खरोखर छोट्या देशाकडे पाहू. डेन्मार्कची लोकसंख्या आजही साठ लाखांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या विदर्भाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नाही. तेथील ऑगस्ट क्रोग या शरीरशास्त्रज्ञाला १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९२२ साली तो व्याख्यानांसाठी अमेरिकेस गेला. त्याची पत्नी मारी स्वतः डॉक्टर होती आणि तिला मधुमेह होता. कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध नुकताच लागला होता. तेथे जाऊन यावे, असा तिने आग्रह धरला. क्रोग गेला, डेन्मार्कमध्ये इन्सुलिन करण्याची परवानगी घेऊन परतला आणि १९२३ साली उत्पादनाची संस्था उभी राहिली. इन्सुलिन त्या काळी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढीत, आणि डेन्मार्क हा तर डुकराचे मांस परदेशी धाडणारा देश. कत्तलखान्यात स्वादुपिंडांचे ढीग पडत होते. एका हाती असा कच्चा माल व दुसऱ्या हाती त्याचे काय करायचे ते ठाऊक असलेला विद्वान, असा योग जुळला. आज मधुमेहाच्या औषधांत अग्रेसर असलेल्या नोव्हो नॉर्डिस्क या कंपनीचे मूळ तेथे आहे.

आपल्याकडे योग जुळला तो संकटातून. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. ओडेसा येथे जन्मलेले वाल्डेमार हाफकिन हे जंतुशास्त्रज्ञ त्या वेळी हिंदुस्थानात पटकीच्या लसीचे काम करीत होते. सरकारने त्यांना मुंबईस पाठविले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढविण्यास आरंभ केला. रश्श्यासारख्या पातळ द्रावणावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना लोंबकळत जंतूंची वाढ खाली उतरे. परदेशी शास्त्रज्ञाने आपल्या स्वयंपाकघरातल्या तुपाचा असा उपयोग करावा, याची मला मोठी गंमत वाटते. तयार झालेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. हीच पुढे १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट झाली.

तथापि लस शोधणे वेगळे आणि लाखो कुपी निर्दोष भरणे वेगळे. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सगळ्यांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. ठपका प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला, ही गोष्ट चौकशीतून निघाली. पण हाफकिन यांच्यावरील डाग पुसला जाण्यास १९०७ साल उजाडले. औषधाच्या उद्योगात सर्वांत महाग वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले तर मी स्वच्छता असेच उत्तर देईन. ती यंत्राबरोबर विकत मिळत नाही. हाताला वर्षानुवर्षे वळण लागावे लागते.

हे वळण परळला लागले. १९३२ साली साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. देशाला लागणारी औषधे देशातच झाली पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. लसी, सीरम आणि सर्पविषावरील औषध या कामांत येथे तयार झालेली माणसे पुढे महाराष्ट्रभर कामी आली. त्यांतील सर्पविषाच्या औषधाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण रोहण्याच्या शिवाराशी त्याचा थेट संबंध आहे.

पावसाळ्यात कपाशीत निंदण-खुरपण चालू असते. बायका ओणव्या होऊन सऱ्यांतून पुढे सरकत असतात, आणि साप त्याच ओलीत असतो. भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मरतात, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. यातील बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. या मृत्यूंवर औषध एकच आहे आणि ते घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचे विष अत्यल्प मात्रेत घोड्याला टोचतात, आणि ती मात्रा काही आठवडे हळूहळू वाढवीत नेतात. घोड्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. मग घोड्याला अपाय होणार नाही इतकेच रक्त काढून त्यातील द्रव वेगळा करतात, शुद्ध करतात आणि कुपीत भरतात. गोठवून वाळविलेली पूड केली तर शीतकपाटाची गरज राहत नाही; जेथे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, तेथे ही सोय लाखमोलाची ठरते. विषबाधा झालेल्या रोग्याला आरंभीच अशा आठ-दहा कुपी लागतात. आमच्या शेजारच्या एका मजूर बाईला दंश झाला तेव्हा पहिल्या दवाखान्यात पुरेशा कुपी नव्हत्या आणि तिला तसेच पुढे न्यावे लागले. ती वाचली. परंतु त्या रात्री आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो, आणि कुपी कोठे बनते, कोण बनवतो, कमी का पडते, हे प्रश्न माझ्या मनात आले ते तेव्हापासून.

स्वातंत्र्यानंतरचा टप्पा पिंपरीचा. पेनिसिलीनच्या निर्मितीसाठी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने केंद्र सरकारने १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला. पेनिसिलीन ही बुरशीची करणी. मोठमोठ्या टाक्यांत साखरेच्या द्रावणात ही बुरशी वाढवायची, तिला सतत निर्जंतुक हवा पुरवायची आणि बाहेरचा एकही जंतू आत शिरू द्यायचा नाही; शिरला तर टाकीच्या टाकी फुकट. हे कसब पिंपरीने आत्मसात केले. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, कारखान्याने संशोधन विभागही ठेवला. तेथे डॉ. थिरुमलाचार यांनी बुरशीजन्य रोगांवर हमायसिन हे नवे औषध शोधले. ते ज्या जंतूपासून मिळाले त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना! आपल्या एका गावाचे नाव जंतुशास्त्राच्या पुस्तकात असे कायमचे जाऊन बसले आहे.

हाफकिनच्या घोड्यांची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांचा व्यवसाय होता. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे सीरमसाठी हाफकिनकडे जात. आपले घोडे देऊन तयार औषध दुसऱ्याने करावे, त्यापेक्षा आपणच का करू नये, असा विचार सायरस पूनावाला यांनी केला व १९६६ साली पुण्याजवळ हडपसर येथे सीरम इन्स्टिट्यूट काढली. पहिले उत्पादन धनुर्वातावरील सीरमचे होते. डेन्मार्कची डुकरे आणि पुण्याचे घोडे यांत मला फारसा फरक दिसत नाही. मात्र परळच्या सरकारी संस्थेने साठ-सत्तर वर्षे जी विद्या जोपासली ती नसती, तर नुसत्या घोड्यांचे काय झाले असते? आज मात्रांच्या संख्येत जगातील सर्वांत मोठी लस उत्पादक कंपनी हीच आहे. आफ्रिकेतील मेंदूज्वरासाठी हिने बनविलेली लस २०१० साली बुर्किना फासो या देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली. तिची किंमत मात्रेला अर्ध्या डॉलरहूनही कमी होती.

आता कायद्याकडे वळू. हा भाग रुक्ष वाटेल, पण त्याला वगळून पुढे जाता येत नाही. इंग्रजी अमदानीतील १९११ च्या पेटंट कायद्याने औषध या वस्तूवरच मक्तेदारी मिळे. परिणामी आपल्याकडील औषधांच्या किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींत मोडतात, असे अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर समितीनेसुद्धा नमूद केले होते. १९७० साली संसदेने नवा कायदा केला व तो १९७२ पासून अमलात आला. त्याने औषधाच्या बाबतीत पेटंट वस्तूला न देता कृतीला दिले. पुरणपोळीचे उदाहरण घ्या. पुरणपोळी या पदार्थावरच एकाची मालकी असेल तर दुसऱ्या घरी ती होणेच नाही. पण मालकी पाट्यावर पुरण वाटण्याच्या कृतीची असेल, तर दुसरी गृहिणी पुरणयंत्र वापरील आणि सणाला पोळी होईलच. आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी अशी 'पुरणयंत्रे' शोधली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्या कामी फार उपयोगी पडली. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला या कंपनीला १९३९ साली गांधीजींनी भेट दिली होती. त्याच सिप्लाने २००१ साली एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा खर्च ३५० डॉलरवर आणण्याची तयारी जाहीर केली. त्यापूर्वी तो दहा हजार डॉलरांच्या वर जात असे. १ जानेवारी २००५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार वस्तूवरील पेटंट आपल्याकडे परत आले आहे.

एवढे सगळे जुळले तरी गिऱ्हाईक हवेच. लस घेणारा निरोगी असतो, तो स्वतःहून दुकानात जात नाही. साप चावलेला मजूर गरीब असतो. या मालाचे खरे गिऱ्हाईक म्हणजे सरकार आणि युनिसेफसारख्या संस्था. त्यांनी वेळेवर, ठरल्या भावाने मागणी नोंदविली तर कारखाना चालतो; नाही तर घोड्यांचा चारासुद्धा अंगावर पडतो. येथे आपण पुरेसे जागरूक राहिलो नाही, असे माझे मत आहे. २००८ साली उत्पादनाची नवी मानके पाळली नाहीत म्हणून कसौली, कुन्नूर व गिंडी येथील तीन सरकारी लस-संस्थांचे परवाने एकदम स्थगित झाले आणि दोन वर्षांनी ते परत मिळाले. मानके हवीतच, मलकोवालचा धडा तोच आहे; परंतु इमारती व यंत्रे जुनी होताना पैसा देणारे कोण होते? पेनिसिलीनचेही तसेच. चीनचा स्वस्त माल आला आणि देशातील टाक्या एकामागून एक बंद पडल्या. शेवटी २०२० नंतर सरकारला अनुदान देऊन हेच उत्पादन नव्याने सुरू करवून घ्यावे लागले.

याउलट क्यूबाचे उदाहरण मनोरंजक आहे. साखर पिकविणारा, जेमतेम एक कोटी वस्तीचा देश. १९८१ साली तेथील सहा शास्त्रज्ञ फिनलंडला गेले, इंटरफेरॉन करण्याची पद्धत पाहून आले आणि हवानातील एका साध्या घरात त्यांनी थोड्याच आठवड्यांत ते तयार केले. १९८६ साली त्याच कामाला मोठे केंद्र मिळाले. सहाच माणसे, पण ती परत आली आणि त्यांना काम देणारी जागा देशात होती.

आपल्या वर्धा जिल्ह्यात रोग जवळून पाहणारी माणसे आहेत. १९६९ साली सेवाग्रामला सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय खेड्यासाठीच काढलेले. हत्तीपायाच्या निदानावर तेथे अनेक वर्षे संशोधन झाले. गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्थेने घरोघर पाहणी, लोकशिक्षण व उपचार ही पद्धत येथूनच देशापुढे ठेवली. असे काम सर्पविषाच्या बाबतीत अजून व्हायचे आहे. औषधासाठी लागणारे बहुतेक विष आजवर तमिळनाडूतून, १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते आणि दक्षिणेतील विषापासून केलेले औषध इतरत्र काही सापांवर कमी पडते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा आर्वी, हिंगणघाट, यवतमाळ या भागांतील घोणस व मण्यार यांचे विष वन खात्याच्या परवानगीने गोळा करणे, ते तपासणे आणि सध्याची कुपी त्यावर कितपत लागू पडते ते पाहणे, हे पहिले काम. त्याला फार मोठे भांडवल लागत नाही. साप ओळखणारी चार धीट माणसे, एक प्रयोगशाळा आणि काही वर्षांचा सबुरीचा खर्च एवढ्यावर ते सुरू होऊ शकते.