ॲप फुकट, कान मोलाचा

इंग्रजी शिकवायला क्लासची फी लागत नाही, हे खरं. पण मोबाइलमध्ये चार ॲप्स टाकून दिली की समोरचा फाडफाड बोलायला लागतो, हे साफ खोटं! स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी भरलेल्या एका क्लासची ही गोष्ट...

"ताई, ह्याच्यावर काय लिहिलंय, जरा वाचून सांगता का?"

पोळ्या लाटता लाटता ताईंनी पिठाच्या हातानं मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर एका बाटलीचा फोटो. ताई सकाळी सहा ते दोन एका आयटी कंपनीत हाउसकीपिंगला असतात आणि संध्याकाळी आमच्या फ्लॅटवर पोळ्या करतात. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला ताई म्हणतात. नाव छापायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून इथेही त्या ताईच.

"ही बाटली त्या दुसऱ्या बाटलीत मिसळायची नाही म्हणाले. का, ते नाही सांगितलं. लिहिलंय का त्याच्यावर?"

लिहिलं होतं. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत आणि फक्त इंग्रजीत. ब्लीचमध्ये ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर मिसळलं की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत गेला तर थेट हॉस्पिटल. बारावीपर्यंत शिकलेली बाई रोज त्या बाटल्या हाताळत होती आणि त्यांच्यावरची सूचना तिच्यासाठी नव्हतीच!

तोपर्यंत इंग्रजी म्हणजे इम्प्रेशन, इंटरव्ह्यू आणि इन्क्रिमेंट, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, बॉस, हा मामला सीरियस आहे.

नऊ लिंक्स आणि सन्नाटा

खरं तर आमचा क्लास त्याच्या महिनाभर आधीच सुरू झाला होता. आणि बंदही पडला होता.

झालं असं, की ताईंच्या साइटवर सुपरवायझरची जागा निघणार होती. पगार बरा, शिवाय वाकून फरशी पुसण्यापासून सुटका. अट एकच, चेकलिस्ट इंग्रजीत भरायची आणि फॅसिलिटी मॅनेजरशी फोनवर इंग्रजीत बोलायचं. मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. ताई त्याच्या आधीच्या, त्यांची एबीसीडी सुरू झाली पाचवीत. वाचता येतं, तोडकंमोडकं लिहिताही येतं. तोंड उघडायचं म्हटलं की मात्र घशाला कोरड.

मी म्हटलं, नो टेन्शन! एका रात्रीत नेट पालथं घातलं आणि त्यांना व्हॉट्सॲपवर नऊ लिंक्स पाठवल्या. व्हिडिओ, क्विझ, शब्दकोश, सगळं चकटफू. स्वतःवरच खूश होऊन झोपले.

पुढचे पंधरा दिवस ताईंनी इंग्रजीचा विषयच काढला नाही. मीही मनात म्हटलं, बघा, फुकट मिळालं की किंमत नसते.

बाटलीच्या त्या संध्याकाळी सरळच विचारलं. उत्तर ऐकून कान गरम झाले. घरात मोबाइल एक. तो दिवसा ताईंकडे, रात्री मुलाच्या अभ्यासाला आणि नवऱ्याच्या बातम्यांना. दिवसाचा डेटा संध्याकाळीच संपतो. खोलीही एकच. "मोठ्यानं 'हाऊ आर यू' म्हणायला गेले तर हे दोघं हसतात वो, ताई. मग मी बंदच केलं."

म्हणजे टूल्स ढिगानं होती. नव्हतं ते बोलायला एकांत आणि ऐकायला कोणीतरी. माझ्या नऊ लिंक्समध्ये या दोन्हीचा पत्ता नव्हता.

दहा वाक्यांची वही

दुसऱ्या दिवसापासून क्लास ओट्यापाशी आणला. पोळ्या झाल्यावर वीस मिनिटं, माझा वायफाय, माझा लॅपटॉप. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. एक वही घेतली आणि ताईंना विचारलं, कामावर दिवसभरात मराठीतून कोणती दहा वाक्यं बोलता?

यादी ऐकण्यासारखी होती. नळ गळतोय. टिश्यू रोल संपलेत. मीटिंग रूम अजून रिकामी नाही. फरशी ओली आहे, जपून. आज दोघीजणी आल्या नाहीत. प्लंबरला कधी पाठवताय?

कोणत्याही फुकट ॲपमधला सफरचंद खाणारा मुलगा इथे काय कामाचा? ड्युओलिंगोचंच घ्या. 2012 पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, हिंदीतून इंग्रजी शिकायची सोय आहे, खेळ म्हणून झकास. शब्द पाठ होतात, रोजची सवय लागते. पण तिथली वाक्यं सगळ्या जगासाठी बनवलेली. ताईंच्या नळाची काळजी तिथे कोणाला?

म्हणून उलटा फंडा. आधी माणसाचं वाक्य, मग त्याला लागेल ते टूल.

व्याकरणाचा पहिला धडा तर चक्क चिठ्ठ्यांवर झाला. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते मध्ये घुसतं. त्यामुळे ताईंचं वाक्य व्हायचं, 'आय मीटिंग रूम क्लीन्ड'. तीन चिठ्ठ्या केल्या: कोणी, काय केलं, कशाचं. पोळपाटाशेजारी त्या सरकवत बसलो. चौथ्या दिवशी ताई स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे आपली गाडी शेवटच्या स्टॉपला ब्रेक मारते आणि त्यांची मधेच!" मास कॉमच्या दोन वर्षांत मला इतकं नेमकं वाक्य सुचलं नव्हतं.

कोणतं टूल कशाला?

नऊपैकी चारच ठेवली. प्रत्येकाला एकच काम.

गूगल ट्रान्सलेट. यात मे 2013 पासून मराठी आहे. माइकवर मराठी बोला, इंग्रजी वाचा, स्पीकरचं बटण दाबून ऐका. कॅमेरा बाटलीवर धरला की लेबल मराठीत दिसतं. ताईंना हे सगळ्यात आवडलं. धोका एवढाच की वाक्प्रचार आला की हे यंत्र अनेकदा शब्दाला शब्द जोडून मोकळं होतं. म्हणून आमचा नियम ठरला: यंत्राला द्यायचं ते छोटं, सरळ वाक्य. आणि केमिकलच्या बाबतीत जरा जरी शंका आली तर माणसालाच विचारायचं.

यूग्लिश. शब्द टाका, तो यूट्यूबवरच्या खऱ्याखुऱ्या माणसांच्या तोंडून ऐका. 'लीकिंग' हा शब्द एकाच कृत्रिम आवाजात ऐकण्यापेक्षा दहा माणसांकडून ऐकला की कान तयार होतो.

बीबीसी लर्निंग इंग्लिश. बीबीसी 1943 पासून इंग्रजी शिकवतेय. 'सिक्स मिनिट इंग्लिश'चे भाग छोटे आणि सोबत लिखित मजकूरही मिळतो. ताईंसाठी वेग जास्त होता. मग एका वेळी फक्त एक मिनिट. आधी मजकूर वाचायचा, मग ऐकायचं, मग मजकूर झाकून पुन्हा ऐकायचं. यूट्यूबवर असलेला व्हिडिओ तर सेटिंगमध्ये जाऊन पाऊणपट वेगानं लावता येतो. ही सोय मला स्वतःलाच ठाऊक नव्हती!

स्टोरीविव्हर. प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेला गोष्टींचा खजिना. वाचनाच्या पातळ्या ठरलेल्या, डाउनलोडही फुकट, आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. हे लहान मुलांचं म्हणून मी बाजूला ठेवणार होते. ताईंनी डोकं लढवलं. त्या गोष्टी घरी मुलाला वाचून दाखवायला लागल्या. आईनं मुलाला गोष्ट वाचून दाखवली तर कोण हसणार? मोठ्यानं इंग्रजी बोलायचा एकांत मिळत नव्हता, त्यावर त्यांनीच तोड काढली.

माइक हा परीक्षक

आता उच्चार. मराठीत आपला 'व' एकच. इंग्रजीत दोन, एक ओठांचा चंबू करून आणि एक खालच्या ओठाला दात लावून. त्यामुळे 'फ्लोअर वेट आहे' म्हणताना ताईंचा वेट कधी ओला, तर कधी थेट जनावरांचा डॉक्टर!

मी दर वेळी चूक दाखवली की त्या मिटून जायच्या. मग गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग लावलं, भाषा 'इंग्लिश, इंडिया'. बोला, आणि स्क्रीनवर काय उमटतं ते बघा. यंत्र नाक मुरडत नाही, हसत नाही. बरोबर शब्द उमटला की ताई लाटणं वर करायच्या. अर्थात यंत्रही चुकतं, बाजूला मिक्सर चालू असला की हमखास. आणि भारतीय उच्चार म्हणजे चूक नव्हे, हेही मी पुन्हा पुन्हा सांगायचे. समोरच्याला कळलं की झालं.

शेवटच्या आठवड्यात चॅटजीपीटीची फुकट आवृत्तीही वापरून पाहिली. त्याला सांगितलं, तू फॅसिलिटी मॅनेजर हो, छोटे प्रश्न विचार, प्रत्येक उत्तरातली एकच चूक दाखव. ही शेवटची अट महत्त्वाची. नाहीतर ते 'व्वा, छान' म्हणत सुटतं आणि शिकणारा आहे तिथेच राहतो.

तरीही फरक कशानं पडला, असं विचाराल तर उत्तर साधं आहे. रोज एक व्हॉइस नोट. ताई सकाळी बसस्टॉपवर, गर्दीत, एक वाक्य बोलून पाठवायच्या. डेटा अगदी नावाला लागतो. मी ऑफिसेसच्या चकरा मारताना ते ऐकून एक वाक्य परत पाठवायचे. बसस्टॉपवर कोणी हसत नाही, सगळेच मोबाइलवर बोलत असतात.

आणि इंटरव्ह्यू?

सिनेमातल्यासारखा शेवट करायचा मोह होतोय. पण ती जागा ताईंना मिळाली नाही. दुसऱ्या साइटवरचा अनुभवी माणूस आला. त्या संध्याकाळी पोळ्या जरा जाड झाल्या, मी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी ताईंनीच सांगितलं. इंटरव्ह्यूत त्यांना विचारलं होतं, ब्लीच आणि ॲसिड एकत्र का ठेवायचं नाही? त्यांनी इंग्रजीत, चिठ्ठ्या सरकवल्यासारखं सावकाश, उत्तर दिलं. आता केमिकलचं रजिस्टर त्यांच्याकडे आलंय आणि नव्या बायकांना लेबल वाचून दाखवायचं कामही. पगार तोच. पुढची जागा निघाली की पुन्हा बसणार, हे त्यांनी ठरवून टाकलंय. आणि नव्या बायकांना त्या पहिल्याच दिवशी काय सांगतात? तुमची दहा वाक्यं लिहून आणा!

गेल्या मंगळवारी सकाळी सातला मोबाइल वाजला. व्हॉइस नोट. मागे बसचे हॉर्न. "गुड मॉर्निंग, ताई. टुडे आय ॲम नॉट कमिंग. माय सन हॅज फीव्हर." एकही चूक नाही. मी सांगितलेलं वाक्य नव्हतं, वहीतलंही नव्हतं. त्यांचं स्वतःचं होतं.

रात्री मी मॅगी खाल्ली. पण काय सांगू, सॉलिड लागली!

तुम्हालाही शिकवायचंय?

• लिंक पाठवण्याआधी विचारा: मोबाइल कोणाचा, डेटा किती, मोठ्यानं बोलायला जागा कुठे?
• पुस्तकातली नाही, त्यांच्या कामातली दहा वाक्यं घ्या.
• टूल्स तीन-चारच ठेवा आणि प्रत्येकाला एकच काम द्या.
• एका वेळी एकच चूक सुधारा. हसायचं तर दोघांनी मिळून.
• रोज एक व्हॉइस नोट. आणि ती ऐका. ते काम कोणतंही ॲप तुमच्यासाठी करणार नाही.